परमुलखांतली चिपी

ठाण्याच्या खाडीकांठीं ओहोटीच्या वेळीं आपण कधीं उभे राहिलां असाल, तर पाण्याकडच्या रांगेंत एक उंच, सडसडीत झाड आपल्या नजरेस पडलें असेल. त्याच्या फांद्या खालीं लोंबतात, पानें अरुंद असतात, आणि बुंध्याभोंवतीं चिखलांतून हातहातभर उंचीचीं टोंकदार मुळें वर आलेलीं दिसतात. चिखलांत हवा नसते, म्हणून हें झाड ह्या मुळांवाटे श्वास घेतें. त्याच्या फुलाला पाकळ्या नाहींत. पुंकेसरांच्या झुबक्यामधून एक इवलीशी छत्री मात्र वर आलेली असते. फळ हिरवें, वाटोळें, लहानशा आवळ्याएवढें, आणि टोंकाला एक बारीक शेपटी. कोंकणांत ह्या झाडाला चिपी म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव सोनेराशिया एपेटला. पिएर सोनरा नांवाच्या एका फ्रेंच निसर्गशोधकाच्या स्मरणार्थ सोनेराशिया, आणि पाकळ्या नाहींत म्हणून एपेटला.

चिपी आपल्या घरची आहे. मुंबईच्या खाड्यांत ती कोणीं आणून लावलेली नाहीं. तिची थोरली बहीण, पांढरी चिपी, हिला तर २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. उच्च न्यायालयानें २००५ सालीं दिलेल्या आदेशानंतर आपल्याकडे कांदळवनांतलें झाड तोडणें हा अपराध आहे.

आतां येथून चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हाँगकाँगच्या उत्तर सीमेवरील एका उथळ उपसागराकडे आपण मनानें जाऊं या. तेथें सरकारी मजूर ओहोटी साधून चिखलांत उतरतात आणि हीच चिपी शोधून शोधून तोडतात. तिचीं रोपें मुळासकट उपटतात. जें झाड येथें तोडलें तर गुन्हा, तें तेथें राहूं दिलें तर हलगर्जीपणा! झाड तेंच, पान तेंच, फळ तेंच. मग असें कां व्हावें? आजच्या भाषणांत मला ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे. आणि उत्तराच्या शेवटीं माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीहि द्यावयाची आहे.

प्रथम कांदळवन म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. समुद्राचें खारें पाणी दिवसांतून दोनदां जेथें चढतें व दोनदां उतरतें, त्या चिखलांत वाढणाऱ्या झाडांचें तें वन. बहुतेक वनस्पतींना मीठ मारक असतें. ह्या झाडांनीं मात्र मिठाशीं जुळवून घेतलें आहे. कोणी तें मुळाशींच अडवितें, कोणी पानांवाटे बाहेर टाकतें. कांदळाची तऱ्हा तर अशी, कीं बीं झाडावर असतांनाच अंकुरतें, आणि वीतभर शेंगेसारखें रोपच्या रोप खालीं चिखलांत पडतें. पण ह्या वनाची खरी मौज त्याच्या मांडणींत आहे. जमिनीकडे कांहीं जाती, मधल्या पट्ट्यांत कांहीं, पाण्याकडे आणखी कांहीं, अशी भरतीच्या उंचीप्रमाणें वांटणी झालेली असते. आणि सर्वांच्या पुढें, जेथें कोणतेंच झाड नसतें, तेथें उघडा चिखल असतो.

हा उघडा चिखल शहरवासीयाच्या डोळ्यांना ओसाड दिसतो. वास्तविक खाडीचें तें जेवणाचें ताट होय. त्यांत किडे आहेत, शिंपले आहेत, खेंकडे आहेत, आपल्या कोळी बंधूंच्या परिचयाच्या निवट्या आहेत. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारों किलोमीटर उडत येणारे पाणपक्षी हिवाळा काढतात तो ह्याच ताटावर. त्यांतल्या पुष्कळांना झाडींत चरतां येत नाहीं; त्यांना मोकळी, सपाट, दूरवर दिसणारी जागा लागते. झाड नसलेली ही जागा झाडांच्या वनाइतकीच मोलाची आहे, एवढी गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढची सारी हकीकत तिच्याभोंवतींच फिरते.

ज्या उपसागराचा मीं उल्लेख केला, त्याला इंग्रजींत डीप बे, म्हणजे खोल उपसागर, असें नांव आहे. नांव खोल, पण पाणी सरासरी तीन मीटर! ओहोटी लागली, कीं मैलोगणती चिखल उघडा पडतो. ह्या उपसागराच्या एका कांठीं हाँगकाँगचें माय पो, दुसऱ्या कांठीं चीनचें शेंझेन. मधून एक नदी. शेंझेन हें १९८० सालापर्यंत सामान्य वस्तीचें ठिकाण होतें. त्या वर्षीं तेथें विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झालें, आणि पाहतां पाहतां शहर असें फुगलें, कीं २०२० च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या घरांत गेली. ह्या महानगराच्या ऐन कुशींत फुतियान नांवाचें कांदळवन आहे. १९८४ सालीं तें राखीव झालें, १९८८ सालीं त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. क्षेत्र अवघें ३६८ हेक्टरांच्या आसपास. एका बाजूला गगनचुंबी इमारती व रुंद राजमार्ग, दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटी, अशा चिमट्यांत तें सांपडलें आहे. समोरच्या माय पोला १९९५ सालीं रामसर कराराखालीं जागतिक महत्त्वाचें पाणथळ म्हणून मान्यता मिळाली.

ह्या दोन्ही कांठांवर मूळचीं जीं झाडें आहेत, त्यांचीं नांवें ऐकून आपणांस घरच्यासारखें वाटेल. आपलें तिवर तेथें आहे. आपला काजळा तेथें आहे. जांभळ्या फुलांची, काटेरी पानांची मारांडी तेथेंहि आहे. आणि सर्वांत मोठा पसारा आपल्या कांदळाच्या एका चिनी भावंडाचा. ह्या वनाची उंची फारशी नाहीं. बहुतेक झाडें दोन-तीन पुरुष वाढून थांबतात. चिपी मात्र तेथें नव्हती. भारत, बांगला देश, ब्रह्मदेश आणि श्रीलंका हें तिचें माहेर; त्यापलीकडे पूर्वेस ती आपण होऊन कधीं गेली नाहीं.

माय पोच्या चिखलावर हिवाळ्यांत येणाऱ्या पाहुण्यांत काळ्या तोंडाचा चमचा नांवाचा एक पक्षी आहे. शुभ्र पांढरा, काळ्या चमच्यासारख्या चोचीचा. कोरियाच्या पश्चिमेकडील बेटांवर त्याची वीण होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या जगांत मिळून हे पक्षी तीनशेंच्या आंत मोजले गेले होते. पुढें अनेक देशांनीं मिळून त्यांच्या हिवाळी जागा राखल्या, आणि आज ती संख्या सहा हजारांवर गेली आहे. ह्या राखलेल्या जागांपैकीं डीप बे ही एक प्रमुख. तेव्हां ह्या चिखलांतला प्रत्येक हात किती अमोल आहे, तें सांगावयास नको.

मग चिपी तेथें गेली कशी? श्रोतेहो, ती नेली गेली, आणि अत्यंत चांगल्या हेतूनें नेली गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला चीनच्या किनाऱ्यावर ४०-५० हजार हेक्टर कांदळवन असावें असा अंदाज आहे. भातशेतीसाठीं बांध घातले गेले, पुढें कोळंबीचीं तळीं खोदलीं गेलीं, बंदरें व शहरें वाढलीं. आणि २००० सालच्या सुमारास त्यांतलें २२ हजार हेक्टरच शिल्लक उरलें. किनारा उघडा पडला. वादळांचा मारा थेट वस्तीवर येऊं लागला. गेलेलें वन परत आणावें, हा विचार तेथील जाणत्या लोकांच्या मनांत आला, तो योग्यच होता. पण कांदळाची वाढ धिमी. एखाद्या वर्षांत तें गुडघाभरहि वाढेल कीं नाहीं सांगवत नाहीं. लवकर वाढणारें, सपाटून वाढणारें एखादें झाड मिळेल काय, ह्याचा शोध सुरू झाला.

असें झाड बांगला देशांत होतें. तेथें चिपीला केवड़ा म्हणतात. आपल्या सुवासिक केवड्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशीं नव्यानें तयार होणाऱ्या गाळाच्या बेटांवर १९६६ सालापासून तेथील वनखात्यानें कांदळवन लावण्याचें प्रचंड काम हातीं घेतलें, आणि त्यांत सर्वांत अधिक लावली गेली ती ही चिपी. वादळवाऱ्यांना अडविणारी, ताज्या गाळांत पाय रोवणारी, म्हणून तिची कीर्ति झाली. १९८५ सालीं सुंदरबनांतून तिचें बीं चीनच्या हायनान बेटावरील दोंगझाय बंदरांत नेण्यांत आलें. तेथें ती रुजली, वाढली, फळली. १९९३ सालीं हायनानहून तिची पाठवणी फुतियानला झाली. चिनी भाषेंत तिला नांव मिळालें तें ‘बिनपाकळ्यांची समुद्रतुती’. ज्यांनीं तिला आणलें, त्यांना अपेक्षित होतें तें सर्व तिनें दिलें. अनुकूल जागीं वर्षाला मीटर-दोन मीटर अशा वेगानें ती वाढली, आणि कांदळाच्या दुप्पट-तिप्पट उंच होऊन उभी राहिली. उघडा किनारा थोड्याच वर्षांत हिरवा झाला. अहवाल लिहिणाराला ह्याहून अधिक काय हवें?

परंतु झाडाला अहवाल कळत नाहीं. त्याला कोठें थांबावें हेंहि कोणी सांगूं शकत नाहीं. चिपीच्या एकेका फळांत पुष्कळ बारीक बिया असतात. कांदळाचें जड रोप आईच्या पायाशीं पडतें किंवा थोडें दूर जाऊन रुततें. चिपीचें बीं लाटेबरोबर वाटेल तेथें जातें. मधली नदी ही माणसांची सरहद्द आहे, भरतीची नाहीं. २००० सालच्या सुमारास पलीकडच्या कांठीं, हाँगकाँगच्या बाजूस, चिपीचीं रोपें आपोआप उगवलेलीं आढळूं लागलीं. तेथें कोणींहि तीं लावलीं नव्हतीं.

आणि उगवलीं कोठें? तर कांदळाच्या पुढें, पाण्याकडे. चिपीचा तो स्वभावच आहे. ज्या सखल चिखलांत इतर झाडें टिकत नाहींत, तेथें ती पहिल्यानें पाय टाकते. आपल्या खाड्यांतहि ती अशी पुढच्या रांगेंतच उभी असते, आणि नव्या गाळावर पाऊल टाकणें हेंच तिचें निसर्गानें नेमून दिलेलें काम आहे. सुंदरबनांत हेंच काम करतांना चितळ तिचा पाला ओरबाडतात, तिच्या बरोबरीनें वाढलेले किडे तिचीं पानें व फळें खातात, आणि शेजारचीं अनेक झाडें तिच्याशीं जागेसाठीं झगडतात. ह्या सर्वांशीं लाखों वर्षें भांडत-भांडत ती लहानाची मोठी झाली. परमुलखांत नेतांना माणसानें तिचें बीं नेलें. तिचे भांडखोर शेजारी मागें राहिले. चार भावंडांत वाढलेलें मूल एकटें पडावें आणि साऱ्या घराचें लाडकें व्हावें, तसें तिचें झालें.

अशा स्थितींत भय असतें तें दुहेरी. एक तर तिच्या उंच छायेखालीं, तिच्या दाट श्वसनमुळांच्या गर्दींत, मूळच्या ठेंगण्या झाडांना जागा व प्रकाश कमी पडूं शकतो. दुसरें भय अधिक मोठें. झाड जेथें उभें राहतें, तेथें पाणी मंदावतें. पाणी मंदावलें, कीं गाळ बसतो. गाळ बसला, कीं चिखलाची पातळी चढते. आणि पातळी चढली, कीं आणखी झाडें येतात. म्हणजे पाणपक्ष्यांचें तें उघडें ताट एका कडेनें झांकलें जाऊं लागतें. किनारा वांचविण्यासाठीं जो गुण आपण विकत घेतला, तोच गुण येथें दोष ठरतो. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें तर ओसरी मागितलीहि नव्हती. घरधन्यानेंच हाताला धरून आणून बसविलें होतें.

म्हणूनच हाँगकाँगचें कृषि, मत्स्य व संरक्षण खातें आणि माय पोची व्यवस्था पाहणारी निसर्गसंस्था ह्यांनीं हीं झाडें काढण्याचें काम अंगावर घेतलें. हें काम एकदां करून संपत नाहीं. समोरच्या कांठीं फळणारीं झाडें आहेत, तोंवर प्रत्येक भरती नवें बीं घेऊन येते. कंबरभर चिखलांत उतरावयाचें, रोप ओळखावयाचें, उपटावयाचें, आणि पुढच्या वर्षीं पुन्हा तेथेंच यावयाचें. विशेष हें, कीं पक्षी पाहण्याच्या जागांसमोरील चिखलांत मूळच्या कांदळाचीं रोपें उगवलीं, तरी तींहि तेथें दरसाल काढलीं जातात. चिखल मोकळा राहिला पाहिजे, मग रोप देशी असो वा परदेशी. पुढें फुतियानच्या बाजूसहि चिपीला आळा घालण्याचें काम सुरू झालें. आणि २०२० सालीं चीन सरकारनें कांदळवनांच्या पुनःस्थापनेची जी योजना जाहीर केली, तींत देशी जातींना अग्रक्रम देण्याचें धोरण ठरलें.

पण एकाच बाजूची हकीकत सांगून मी आपली दिशाभूल करूं इच्छीत नाहीं. त्याच प्रांतांत झुहाय शहराजवळ ची-आव नांवाचें बेट आहे. १९७९ सालीं चीननें किनारे स्थिर करण्यासाठीं अमेरिकेहून एक खारें गवत आणलें होतें. शास्त्रज्ञ त्याला स्पार्टिना म्हणतात. तें इतकें माजलें, कीं मैलोगणती चिखल त्यानें गिळला. ची-आव बेटावर १९९९ च्या सुमारास ह्या गवतांत चिपी लावली गेली. तिची सावली पडतांच गवत खुरटलें आणि हटलें. पुढें तिच्या छायेंत कांहीं ठिकाणीं मूळचीं झाडेंहि उगवलेलीं अभ्यासकांना आढळलीं. म्हणून कांहीं विद्वान तिला दाई म्हणतात, तर कांहीं घुसखोर म्हणतात, आणि हा वाद अजून मिटलेला नाहीं. एक पाहुणा घालविण्यासाठीं दुसरा पाहुणा आणावयाचा, ही आगींतून फुफाट्यांत उडी आहे कीं काय, हें त्या त्या जागेवर अवलंबून आहे. ची-आवला चिपी पुढें आली, तेव्हां समोर माजलेलें गवत होतें. माय पोला ती पुढें आली, तेव्हां समोर पक्ष्यांचें ताट होतें. निवाडा झाडाचा एकट्याचा करतां येत नाहीं. तो झाड व जागा ह्या दोहोंचा मिळून करावा लागतो.

असे प्रसंग इतरत्रहि घडले आहेत. हवाई बेटांवर मुळांत कांदळवनच नव्हतें. मोलोकाई बेटावर गुरांच्या चराईनें डोंगर उघडे पडले, माती समुद्रांत वाहूं लागली, आणि ती अडविण्यासाठीं १९०२ सालीं फ्लॉरिडाहून कांदळाचीं रोपें आणून लावलीं गेलीं. तीं बेटाबेटांवर पसरलीं, आणि तेथील लोकांनीं शतकांपूर्वीं दगडांनीं बांधलेलीं मासळीचीं तळीं त्यांनीं बुजविलीं. उलट त्याच फ्लॉरिडांत, मायामी शहराजवळ, एका नामांकित उद्यानांत आशियाच्या किनाऱ्यावरचें एक कांदळ नमुना म्हणून लावलें होतें. चाळीस वर्षांनीं, २००८ सालीं, तें कुंपणाबाहेरच्या वनांत शिरलेलें दिसलें, आणि स्वयंसेवकांना हजारों रोपें उपटावीं लागलीं. चाळीस वर्षें! इतका काळ जें झाड गप्प बसतें, त्याच्याविषयीं आज कसलाहि कौल देणें किती घाईचें आहे, तें ह्यावरून समजावें.

येथें कोणी विचारील, कीं परदेशी तेवढें वाईट असा हा सोंवळेपणा आहे काय? मुळींच नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतली मिरची परदेशची, बटाटा परदेशचा. परसांतला पेरू परदेशचा, आणि ज्याच्यावांचून कोंकण-गोमंतकाची ओळख पटूं नये तो काजूहि पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलेला. परदेशांतून आलेल्या बहुसंख्य वनस्पति निमूटपणें राहतात. थोड्याच माजतात. परंतु कोणती राहील व कोणती माजेल हें आधीं कळणें कठीण. आणि चिखलासारख्या जागीं एकदां माजलेली परत काढणें त्याहून कठीण. म्हणून सावधपणा हवा.

आतां माझी कबुली. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी खाडीकांठच्या एका नव्या वसाहतींत राहावयास गेलों. वसाहतीच्या भिंतीमागें भराव टाकलेली एक उजाड पट्टी होती, आणि तिच्यापलीकडे तिवरांचें बन. ती उजाड पट्टी आमच्या डोळ्यांना खुपे. एका पावसाळ्यांत आम्हीं वसाहतींतलीं मुलें गोळा केलीं आणि तेथें सुबाभळीचीं रोपें लावलीं. सुबाभूळ मूळची मध्य अमेरिकेची. त्या काळीं तिचा फार बोलबाला होता. रोपें स्वस्त, वाढ झपाट्याची, नांवांतच ‘सु’. पांच-सहा वर्षांत भिंतीमागें हिरवी राई उभी राहिली. आम्हांला धन्यता वाटली.

सुबाभूळ खाऱ्या चिखलांत जगत नाहीं, म्हणून ती तिवरांत शिरली नाहीं, हें खरें. परंतु तिच्या शेंगांतलें बीं त्या भरावावर पडत राहिलें. तिच्या मागून वेडी बाभूळ आली, घाणेरी आली. आज त्या पट्टींत एवढें दाट रान आहे, कीं भिंतीवरून खाडीचें पाणी दिसत नाहीं. पूर्वीं तेथें मोठ्या उधाणाचें पाणी येऊन पसरत असे, असें तेथल्या एका वृद्ध कोळणीनें मला सांगितलें. ‘दादा, हिकडं आमी खेकडी धरायचो,’ असें ती सुबाभळीच्या राईकडे बोट करून म्हणाली. मीं काय उत्तर द्यावें? खरें पाप भराव टाकणाराचें होतें. पण त्या पापावर हिरवी चादर आम्हीं घातली. पट्टी उजाड होती, तोंवर कोणी तरी विचारलें असतें, कीं हा भराव येथें कसा? ती हिरवी झाली, आणि तो प्रश्न विचारावयाचें कोणाला कारणच उरलें नाहीं.

श्रोतेहो, मुंबई, ठाणें, नवी मुंबई ह्या शहरांच्या खाडीकांठीं हें चित्र ठिकठिकाणीं दिसतें. आधीं राडारोडा पडतो. मग भरतीची वाट बुजते. मग पाऊस जमिनींतलें मीठ धुवून काढतो. आणि मग वेडी बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी ह्यांना दार उघडें होतें. मीठ आणि भरती हे कांदळवनाचे दोन पहारेकरी आहेत. ते जागेवर आहेत तोंवर जमिनीवरचा उपरा सहसा आंत येत नाहीं. पहारेकरी आपण हलवितों, आणि मग चोराला नांवें ठेवतों. म्हणून नुसतीं झाडें तोडून हें दुखणें बरें होणार नाहीं. बुजलेल्या वाटा मोकळ्या करून खारें पाणी परत आणलें पाहिजे. २०१२ सालापासून आपल्या राज्यांत कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष आहे. २०२२ सालीं ठाण्याच्या खाडीला रामसर यादींत स्थान मिळालें. डीप बे व ठाण्याची खाडी आतां एकाच यादींतल्या भगिनी आहेत. एकीला जें शिकावयास त्रास पडला, तें दुसरीनें न ठेंचाळतां शिकावें.

तें काय शिकावें? पावसाळा आला, कीं शाळांतून, कचेऱ्यांतून, वसाहतींतून झाडें लावण्याचा उत्साह दाटून येतो. तो उत्साह मोलाचा आहे. त्यावर पाणी ओतण्यासाठीं मी आज बोललों नाहीं. खड्डा खणण्यापूर्वीं मात्र तीन प्रश्न विचारावे. येथें पूर्वीं काय होतें? तें कां गेलें? आणि जें मी लावतों आहें, तें येथून पुढें कोठें जाईल? पहिल्या प्रश्नाचें उत्तर शेजारच्या कोळीवाड्यांत मिळतें. दुसऱ्याचें बहुधा एखाद्या बुजलेल्या नाल्याशीं मिळतें. तिसऱ्याचें उत्तर मात्र पुष्कळदां आपल्या आयुष्यांत मिळत नाहीं, आणि म्हणूनच तो प्रश्न सर्वांत आधीं विचारावयास हवा. रोपांची संख्या मोजणें सोपें आहे. चिखलांत उतरलेले पक्षी, निवट्या आणि खेंकडे मोजणें कठीण आहे. पण खाडीचा खरा हिशेब तोच.

ह्या हिवाळ्यांत एखाद्या दिवशीं ओहोटीची वेळ पाहून मुलांना घेऊन खाडीवर जा. पुढच्या रांगेंतली चिपी त्यांना दाखवा, तिच्या फुलांतली छत्री दाखवा. आणि मग तिच्याहि पुढें असलेल्या, झाड नसलेल्या त्या काळ्या चिखलाकडे बोट करा. कोणी तरी मूल विचारील, ‘ही जागा रिकामी कां?’ त्याला घाईनें उत्तर देऊं नका. थोडा वेळ उभे राहा. चिखल हलूं लागेल, एखादी निवटी उडी मारील, दूरवर रोहित पक्ष्यांची रांग माना खालीं घालून चरत असलेली दिसेल. आणि मुलाला आपलें उत्तर आपणच मिळेल.